ऐंशीच्या वेगाला येणारा कंप

जुनी मोटार विकत घेणे हा आपल्या घरांमधून कमीपणाचा विषय कधी मानला गेला नाही. ज्या पेढीवर आजोबांच्या काळातला काटा अजून चालतो आणि मुदतीत त्याची तपासणी होऊन त्यावर शिक्काही पडतो, त्या पेढीच्या माणसाला वस्तूचे वय आणि वस्तूची लायकी या दोन वेगळ्या बाबी आहेत हे सांगावे लागत नाही. दहा वर्षे वापरलेली, एका हातची, कागदपत्रे स्वच्छ असलेली गाडी निम्म्याहून कमी किमतीत मिळत असेल तर नव्या गाडीच्या हप्त्यांत भांडवल कशाला अडकवायचे, असा आपला साधा हिशेब असतो आणि तो बहुतेक वेळा बरोबरच ठरतो. अडचण येते ती पुढे. अशा गाडीची तक्रार घेऊन आपण गॅरेजात जातो तेव्हा आपल्याजवळ सांगायला एकच वाक्य असते : ‘स्टिअरिंग थरथरते.’ या एका वाक्यावर समोरचा माणूस पाचशे रुपयांपासून पन्नास हजारांपर्यंत कोणताही आकडा लिहू शकतो.

उधारी वसूल करताना आपण ‘पैसे येणे आहेत’ एवढेच सांगून थांबत नाही. कोणाकडून, कोणत्या तारखेचे, कोणत्या मालाचे, हे वही उघडून सांगतो. मोटारीच्या कंपाचेही तसेच सांगता येते, आणि तसे सांगितले की निम्मे निदान गॅरेजात पाय ठेवण्याआधीच झालेले असते. आमच्या घरी हे कसे घडले ते सविस्तर लिहितो, कारण आपल्यापैकी अनेकांच्या दारात अशी एखादी गाडी उभी आहे.

आमचे मूळ गाव घाटावर, जयसिंगपूरकडे. वडील गुळाच्या व्यापारानिमित्त रत्नागिरीत उतरले आणि इथलेच झाले. २०२१च्या दिवाळीनंतर आम्ही २०११ सालची एक छोटी पेट्रोल मोटार घेतली. पासिंग रत्नागिरीचेच, एमएच ०८. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, म्हणजे पाच वर्षे निर्धास्त होती. घेणारा मी असलो तरी ती खऱ्या अर्थाने आईसाठी होती. आईचे वय अठ्ठ्याहत्तर. दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांना सूज येते आणि त्यासाठी महिन्यातून एकदा कोल्हापूरला जाऊन डोळ्यात इंजेक्शन घ्यावे लागते. एसटीच्या गर्दीत, घाटाच्या वळणांवर उभे राहून हे होणारे नव्हते.

रत्नागिरी ते कोल्हापूर हे अंतर सुमारे १३० किलोमीटर. हातखंबा, पाली, साखरपा, मग आंबा घाट आणि वर मलकापूर. त्या वर्षीच्या जुलैतल्या अतिवृष्टीत घाटाचा रस्ता खचला होता, आणि पुढे चौपदरीकरणाचे काम सुरू झाल्यावर कुठे गुळगुळीत पट्टा तर कुठे मातीची वळवाट असा प्रकार होता. आई सूर्यास्तानंतर काही घेत नाही. त्यामुळे पहाटे निघायचे आणि काहीही करून दिवस असताना घरी पोचायचे, असा नेम. परतीच्या वाटेवर गाडी चालवणाऱ्या माझ्या मुलाचा पाय थोडा जड पडतो तो यामुळे.

पहिले सहा-सात महिने तक्रार नव्हती. २०२२च्या पावसाळ्यात मुलाने सांगितले की, सरळ रस्त्यावर पंचाहत्तरच्या पुढे गेले की स्टिअरिंग हातात बारीक थरथरू लागते, ऐंशी-पंच्याऐंशीला जोर करते आणि वेग साठवर आणला की नाहीसे होते. मीही चालवून पाहिली. हातात चालू मिक्सर धरावा तसा तो कंप होता.

आम्ही ज्या गॅरेजात गेलो तिथे गाडी एक फेरी मारून आणली गेली आणि अंदाजपत्रक हातात आले : स्टिअरिंग रॅक, पुढचे दोन्ही लोअर आर्म, दोन्ही शॉक अॅब्सॉर्बर, मजुरीसह बत्तीस हजार. चाक काढून कोणी पाहिले नव्हते. मुलगा म्हणाला, “आप्पा, करून टाकू या, आजीचा प्रश्न आहे.” आजीचा प्रश्न होता म्हणूनच मी थांबलो. रोग कळण्याआधी दिलेले औषध महाग असो की स्वस्त, त्याने रोग तसाच राहतो, आणि घाटात रोग तसाच राहिलेली गाडी घेऊन जायचे म्हणजे काय हे सांगायला नको.

दुसरीकडे जाऊन चारही चाकांचे बॅलन्सिंग करून घेतले. कंप जवळजवळ गेला. पाच आठवड्यांनी पुन्हा आला, आणि या वेळी सत्तरलाच.

त्या रात्री दुकानातली एक जुनी आखलेली वही घेऊन मी तिच्यात रकाने पाडले. वेग किती, रस्ता कसा, ब्रेक दाबलेला की सोडलेला, अॅक्सिलरेटरवर पाय आहे की गाडी आपल्या गतीने वाहते आहे, कंप हातात की बैठकीत, इंजिन गार की गरम. पुढचे पंधरा दिवस जो कोणी गाडी नेईल त्याने परत आल्यावर एक ओळ लिहायची, असा नियम केला. घरातल्या मंडळींनी थोडी थट्टा केली. पण रोजमेळ लिहिणाऱ्या घरात एक वही वाढली तर कोणाची तक्रार टिकत नाही.

हे रकाने कशासाठी, ते समजून घेण्यासारखे आहे.

कंप विशिष्ट वेगालाच येतो आणि ब्रेकशी त्याचा संबंध नसतो, तेव्हा संशय प्रथम चाकावर आणि टायरवर जातो. आमच्या गाडीचे टायर चौदा इंची रिमचे. एका फेऱ्यात चाक सुमारे १.९५ मीटर पुढे जाते. म्हणजे ताशी ८० किलोमीटर वेगाला ते सेकंदाला अकरा फेरे मारते. आता समजा, रिमच्या कडेला एका बाजूस फक्त वीस ग्रॅम वजन जास्त आहे. सराफी बोलीत दोन तोळे. उभ्या गाडीत त्याने काहीच फरक पडत नाही. पण ८०च्या वेगाला ते वीस ग्रॅम फिरताना चाकाला बाहेर ओढतात ती ओढ सुमारे दोन किलोची होते, आणि सेकंदाला अकरा वेळा तिची दिशा फिरते. शंभरच्या वेगाला तीच ओढ तीन किलोच्या घरात जाते, कारण वेग दुप्पट झाला की ही ओढ चौपट होते. काट्यावर वीस ग्रॅमकडे दुर्लक्ष करणारा व्यापारी विरळा. रस्त्यावर मात्र आपण ते सहज करतो.

मग नव्वदच्या पुढे कधी कधी कंप कमी का होतो, असा प्रश्न मुलाने विचारला होता. घरातल्या झोपाळ्याकडे पाहावे. झोपाळ्याची आपली एक लय असते. त्या लयीत बोटाने ढकलले तरी तो चढतो, आणि लय सोडून कितीही घाईने ढकलले तरी जागीच थबकतो. गाडीचे पुढचे चाक, त्याची स्प्रिंग आणि त्याला धरून ठेवणारे रबरी बुश यांचीही एक स्वाभाविक लय असते. साधारण सत्तर ते नव्वदच्या दरम्यान चाकाचे फेरे त्या लयीला गाठतात आणि झोपाळा चढतो. त्या पुढे गेल्यावर दोष नाहीसा झालेला नसतो, फक्त हाताला कळेनासा होतो. अशा वेळी ‘जरा वेग वाढवला की बरे वाटते’ असे म्हणणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या गाडीत मी बसत नाही.

ब्रेक दाबल्यावरच स्टिअरिंग हलत असेल आणि पायाखालचे पेडलही धडधडत असेल, तर गोष्ट निराळी. तिथे चकती, म्हणजे डिस्क, पाहायची. तिची जाडी सर्वत्र सारखी नसली की ब्रेकचे पॅड प्रत्येक फेऱ्यात जाड भागावर अडकतात आणि पातळ भागावर सुटतात. केसाच्या जाडीइतका फरकही पायाला कळतो. वेग घेताना, विशेषतः चढावर पाय दाबल्यावर कंप येत असेल आणि पाय उचलताच थांबत असेल, तर ड्राइव्ह शाफ्टच्या आतल्या सांध्याची चौकशी करावी. गाडी उभी असताना, नुसते इंजिन चालू असताना स्टिअरिंग थरथरत असेल, तर चाकांना हात लावण्याचे कारणच नाही. इंजिन ज्या रबरी गादीवर बसते ती पाहायची. वेगाबरोबर वाढत जाणारा घोंगावणारा आवाज येत असेल आणि वळणावर तो बदलत असेल, तर बेअरिंग. आणि हातात काही जाणवत नाही पण बसल्या जागी हादरे येतात, तेव्हा बहुतेक वेळा दोष मागच्या चाकांत असतो.

एक गल्लत फार दिसते, म्हणून तीही इथेच सांगतो. अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग ही दोन वेगळी कामे आहेत. गाडी एका बाजूला ओढत असेल, सरळ चालताना स्टिअरिंग तिरके राहत असेल, टायर एका कडेने झिजत असतील तर अलाइनमेंट. थरथर असेल तर बॅलन्सिंग. अलाइनमेंटने थरथर जात नाही. तरीही थरथरीची तक्रार केली की अलाइनमेंटचे बिल हातात पडते, आणि आपण ते देतो.

आमच्या वहीत पंधरा दिवसांत सव्वीस नोंदी झाल्या. बावीस नोंदींत वेग ६८ ते ८८, ब्रेक सोडलेला, कंप हातात. चार नोंदींत मात्र शेरा वेगळा होता : आंबा घाट उतरताना, ब्रेक दाबल्यावर, पेडलसह. म्हणजे दोष एक नव्हता, दोन होते, आणि ते एकमेकांत मिसळून एकच वाटत होते. खतावणीत दोन ग्राहकांची उधारी एकाच नावावर पडावी तसे हे झाले होते.

ही वही घेऊन मी शहराबाहेरच्या एका वयस्क मिस्त्रींकडे गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही म्हणतो. चाळीस वर्षे ट्रक आणि जीपखाली गेलेली. त्यांनी चष्मा लावून सगळ्या नोंदी वाचल्या, आधीचे अंदाजपत्रकही वाचले, आणि म्हणाले, “शेठ, रॅक गेली असती तर ती वेग बघून हलली नसती. खड्ड्यात वाजली असती.” मग त्यांनी विचारले, “बॅलन्सिंगवाल्याने शिसं किती लावलं?” हे आम्हाला कोणी कधी विचारले नव्हते. चाकाजवळ बसून त्यांनीच मोजले. तीन चाकांना दहा, पंधरा, वीस ग्रॅम; पुढच्या डाव्या चाकाला पंचाहत्तर. त्यांनी त्या चाकाकडे बोट दाखवले, बोलले काही नाही.

तरीही ते एकदम टायरवर गेले नाहीत, हे मला विशेष वाटले. आधी चारही चाके उतरवून रिमच्या आतल्या बाजू धुतल्या. कोकणातल्या पावसाळ्यात हे आवश्यकच आहे. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, रस्त्याकडेची जांभ्याची लाल माती आत उडते, रिमच्या पोटात जमते आणि उघडीप मिळाली की विटेसारखी वाळते. एका रिममधून मूठभर चिखल निघाला. मूठभर वाळल्या मातीपुढे वीस ग्रॅम म्हणजे काहीच नाही. (खराब रस्त्यावरून आल्यानंतर अचानक कंप सुरू झाला तर गॅरेजऐवजी आधी पाण्याचा पाइप शोधावा, हे माझे मत तेव्हापासून झाले.)

मग गाडी जॅकवर घेऊन त्यांनी प्रत्येक पुढचे चाक वर-खाली धरून हलवले, नंतर डावी-उजवीकडे धरून हलवले. वर-खाली धरल्यावर खटका लागला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, आडवे धरल्यावर लागला तर टाय रॉडचे टोक. दोन्हीकडे खटका नव्हता. बत्तीस हजारांतला मोठा भाग तिथेच गळून पडला.

यानंतर त्यांनी जे केले त्याला खर्च शून्य. डावे पुढचे चाक काढून डाव्या बाजूलाच मागे लावले आणि मागचे पुढे आणले. म्हणाले, “जाऊन या हातखंब्यापर्यंत. मागे कुणाला तरी बसवा.” मागे बसायला आईच तयार झाली, कोल्हापूरला जाताना नेहमी मागे मीच बसते, मला फरक कळेल, असे तिचे म्हणणे. कुवारबाव सोडल्यावर मोकळ्या पट्ट्यावर मुलाने हळूहळू ऐंशी गाठली. स्टिअरिंग स्थिर होते. तेवढ्यात मागून आई म्हणाली, “आज ते माझ्याकडं आलंय रे.” डोळ्यांनी तिला समोरची पाटी वाचता येत नाही, पण दोष चाकाबरोबर हातातून बैठकीत गेला हे तिने अचूक सांगितले. पुन्हा चाळीसवर आणून आम्ही परत फिरलो.

चाचांनी ते चाक पुन्हा जॅकवर घेतले, स्क्रू-ड्रायव्हरचे टोक टायरच्या नक्षीपासून थोडे अंतर ठेवून एका विटेवर टेकवले आणि चाक हाताने सावकाश फिरवले. फटीतून दिसणारा उजेड एका ठिकाणी कमी झाला, फेऱ्यागणिक त्याच ठिकाणी. टायर तिथे दीड-दोन मिलिमीटर फुगलेला होता. बॅलन्सिंगच्या यंत्रावर हे उघड होत नाही. यंत्र वजन समान करते, आकार गोल करत नाही. म्हणून शिसे भरपूर लावून काही दिवस बरे वाटले आणि फुगवटा वाढताच कंप परत आला.

टायर रिमवरून काढल्यावर खरे कारण दिसले. नक्षी पाच मिलिमीटरहून जास्त शिल्लक. नियमाने मोटारीच्या टायरला १.६ मिलिमीटर पुरते, त्या मानाने तो जवळजवळ नवाच. पण टायरच्या अंगावर चार आकडी खूण असते : पहिले दोन आकडे वर्षातला आठवडा, पुढचे दोन साल. ही पूर्ण खूण पुष्कळ टायरवर एकाच बाजूला छापतात, आणि इथे ती बाजू आत होती. तिच्यावर होते १८११. म्हणजे २०११चा अठरावा आठवडा. गाडीबरोबर कारखान्यातून आलेली ही मूळ स्टेपनी होती. दहा वर्षे डिकीत पडून राहिली म्हणून नक्षी झिजली नव्हती, आणि विक्रीच्या वेळी कोणीतरी ती पुढच्या चाकाला चढवली होती. रबराला न चालताही वय होते. अनेक टायर कंपन्या दहा वर्षांनंतर, नक्षी कितीही असो, टायर काढून टाकायला सांगतात ते याचसाठी.

चाचांनी फुगवट्यावर सुरी चालवून पापुद्रा उचलला. नक्षीच्या खाली पोलादी तारांचे पट्टे असतात. त्यांतल्या तारा गंजून लाल झाल्या होत्या. कुठेतरी बारीक कापातून पावसाळ्याचे पाणी आत शिरले असावे. वरचे रबर त्यांनी दोन बोटांनी सोलले आणि ते सोलले गेले. मुलगा शेजारी उभा होता. दर महिन्याला हा टायर आंबा घाटाच्या उतारावर पुढे डाव्या अंगाला, म्हणजे चढताना दरीकडे किंवा उतरताना डोंगराकडे, आजीला घेऊन फिरत होता. नक्षीचा पट्टा वेगात असताना सुटला असता तर काय झाले असते याची चर्चा आमच्यात त्या दिवशी झाली नाही, नंतरही नाही.

इथे थोडे विषयांतर करतो. हवेचा टायर मुळात कंप कमी करण्यासाठीच निघाला. बेलफास्टमधील जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ साली त्याचे पेटंट घेतले, ते आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीचे दणके कमी व्हावेत या खटपटीतून. त्या आधी बैलगाडीच्या चाकाला लोहार तापवून चढवतो तशी लोखंडी धाव हेच बहुतेक गाड्यांच्या चाकांचे कवच होते. धाव खिळखिळी झाली की वाजून सांगत असे. रबराचा टायर दोष पोटात ठेवतो आणि फार तर थरथरतो. तेवढ्यावरून ओळखायचे असते.

राहिला वहीतला दुसरा दोष, घाट उतरतानाचा. नवे दोन टायर पुढे चढवल्यावर सरळ रस्त्यावरचा कंप गेला; ब्रेकचा राहिला. चाचांनी चकती काढली तेव्हा ती ज्या हबवर बसते त्याच्या तोंडावर गंजाचे पापुद्रे होते. आमचे घर मांडवीच्या अंगाला, खारा वारा दिवसरात्र. त्या गंजामुळे चकती किंचित तिरकी बसायची आणि फिरताना डोलायची. डोलून डोलून ती एका भागात जास्त झिजली. हब तारेच्या ब्रशने चकचकीत केला, चकती लेथवर घासून घेतली. चकतीवर तिची किमान जाडी छापलेली असते. घासून ती त्याखाली जात असेल तर घासू नये, नवी घ्यावी. आमची थोडक्यात बचावली. चाकाचे नट त्यांनी हाताच्या पान्ह्याने, समोरासमोरचे एकाआड एक, दोन फेऱ्यांत आवळले. हवेच्या गनने एकाच दमात खडाखड आवळलेले नट कमी-जास्त ताणाचे राहतात आणि चकतीला पीळ देतात, असे त्यांचे म्हणणे. घाट उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये राहावे, ब्रेकवर पाय ठेवून उतरू नये, हे त्यांनी मुलाला माझ्यादेखत दोनदा सांगितले.

दोन टायर, बॅलन्सिंग, चकत्यांचे लेथकाम आणि मजुरी मिळून अकरा हजार चारशे झाले. रॅक, आर्म आणि शॉक अॅब्सॉर्बर जुनेच आहेत आणि अजून चांगले आहेत.

आता एक गोष्ट, जी आपल्यासारख्या वाचकांपुढेच मांडावीशी वाटते. गाडी ज्यांच्याकडून घेतली ते परिचयाचे गृहस्थ. मुलाचे म्हणणे होते की त्यांना फोन करून चांगले सुनवावे. मी फोन केला, सुनावले नाही, विचारले. विकण्याआधी गाडी ‘दाखवण्याजोगी’ करायला एका दुकानात दिली होती, तिथल्या पोराने झिजलेला टायर काढून स्टेपनी चढवली असेल, आपल्याला ठाऊक नाही, असे ते म्हणाले. त्यांना ठाऊक नसेल हे मी मान्य करतो. पण विकणाऱ्याला न पाहणे फार सोयीचे असते. गुळाच्या रव्याला वरून सोनेरी रंग आणि आत काळी ढेप, हा माल बाजारात येतो तेव्हा ‘मला काय माहीत, मी आहे तसा उतरवला’ असे म्हणणारा अडत्या आपण सगळ्यांनी पाहिला आहे, आणि त्याच्या पेढीवर पुन्हा जायचे की नाही हेही आपण मनात ठरवलेले असते. त्यांनी एका टायरची किंमत देऊ केली. मी घेतली नाही. घेतली असती तर मी पुन्हा त्यांच्या दारात गेलो नसतो, असे माझे मलाच वाटले. आजही आमचा जाण्या-येण्याचा संबंध आहे. फक्त गाड्यांचा विषय निघत नाही.

माझ्या मनात मात्र एक पक्के झाले आहे. २०२६ मध्ये पंधरा वर्षे पुरी होतील तेव्हा नोंदणी पुढे पाच वर्षांसाठी वाढवायची की गाडी विकायची, हे ठरवावे लागेल. विकली तर ती वही गाडीबरोबर जाईल. तिच्यात आता पुढच्या-मागच्या टायरांचे आठवडे आणि साले, चकतीची जाडी, कोणत्या दिवशी कोणते चाक कुठे बदलले, सगळे आहे. मुलगा म्हणतो, यामुळे किंमत दहा-पंधरा हजारांनी कमी येईल. येईल.

शेवटी, मुंबई-पुण्याहून गणपतीला किंवा मे महिन्यात रत्नागिरीस येणाऱ्या मंडळींसाठी थोडे. इथल्या घरी दोन-दोन महिने एका जागी उभी राहिलेली गाडी बाहेर काढली की पहिले काही किलोमीटर स्टिअरिंग आणि बैठक दोन्ही थडथडतात. टायर ज्या जागी जमिनीला टेकून राहिला तिथे तो थोडा सपाट होतो, एवढेच याचे कारण. हवा कंपनीने दिलेल्या आकड्याप्रमाणे भरावी; तो आकडा बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर असतो. मग साळवी स्टॉपवरून निघून हातखंब्यापर्यंत बेताच्या वेगाने जावे. टायर गरम झाल्यावर थडथड थांबली तर गाडीला काही झालेले नाही. परत येताना, टायर चांगले तापलेले असूनही, ऐंशीला ती तशीच राहिली, तर घरी पोचल्यावर प्रथम चारही टायरांवरचे ते चार आकडे वाचावेत. बाहेरून दिसले नाहीत तर गाडीखाली वाकून, आतल्या बाजूचे.